पिवळे पान खालचे की वरचे?

होळीच्या सुमारास उसाचा खोडवा गुडघ्याएवढा झालेला असतो. बांधावरून पाहिले तर हिरवीगार लाट दिसावी, असे त्याचे वय. पण आमच्या शेजारच्या अण्णांच्या दोन एकरांत तेव्हा जी लाट होती ती पिवळी होती. रस्त्याने जाणारा माणूस सायकल थांबवून पाहायचा आणि न विचारता निदान सांगून पुढे जायचा.

आमचा भाग सोलापूर जिल्ह्यातला, उजनीच्या कालव्याच्या शेपटाकडचा. पाण्याची पाळी आली तर आली, नाहीतर बोअर. अण्णांनी तीन वर्षांपूर्वी ठरवले होते की या दोन एकरांत नांगर घालायचा नाही आणि दुकानातले खतही घालायचे नाही. ऊस तुटला की पाचट पेटवायचे नाही, बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट सरीत सारखे करायचे, वरून शेणाची स्लरी सोडायची. पहिला खोडवा बरा गेला. दुसऱ्याला उतारा थोडा घटला. हा तिसरा, आणि तो पिवळा पडला.

गावाचे निदान एकच होते: पाचटाने घात केला. "पाचट कुजताना उष्णता सुटते, मुळं भाजतात," असे एकाने सांगितले. दुसरा म्हणाला, नांगर नाही म्हणून जमीन घट्ट झाली. तालुक्याच्या एका दुकानदाराने रान न पाहता तीन बाटल्या काढून दिल्या. त्यांची किंमत ऐकून काकूंनी त्या परत पाठवल्या. शेवटी अण्णांनी सोमवारी नांगरासाठी ट्रॅक्टर सांगितला. खोडवा मोडायचा आणि उन्हाळा पडीक ठेवायचा. सोसायटीचे कर्ज उसावर उचललेले, नातवाच्या कॉलेजची फी त्याच उसातून जायची. हे सगळे समजून त्यांनी ट्रॅक्टर सांगितला होता. माणूस किती टेकीला आला होता हे यावरून कळावे.

काकू म्हणाल्या, "नांगर घालायचा तर घाला. पण पूर्वेकडचं पिवळं आणि पश्चिमेकडचं पिवळं एकच आहे का, ते एकदा बघून या. मला तर ती दोन वेगळी दिसतात."

शनिवारी दुपारी आम्ही तिघे रानात गेलो आणि काकूंचे म्हणणे बरोबर निघाले.

दोन तऱ्हेचे पिवळे

पूर्वेच्या बाजूला शेंड्याची पाने फिकट पण हिरवी होती आणि बुडाची पाने टोकाकडून पिवळी होत वाळत आली होती. पश्चिमेकडे याच्या उलट. बुडाची जुनी पाने हिरवी, आणि पोंग्यातून नुकती बाहेर आलेली पाने लिंबासारखी पिवळी. उन्हाकडे धरली की त्यांच्या शिरा हिरव्या रेघांसारख्या दिसत. काही फुटव्यांचा पोंगा तर कागदासारखा पांढरा पडला होता. आपल्याकडे याला उसावर केवडा पडला म्हणतात. या दोहोंच्या मध्ये आठ-दहा सऱ्यांचा पट्टा चांगला हिरवा होता. त्या हिरव्या पट्ट्याकडे आजवर कुणी पाहिलेच नव्हते. रोगी पाहायला आलेला माणूस घरातल्या निरोग्याकडे पाहत नाही, तसे झाले होते.

पान खालचे की वरचे याला इतके महत्त्व का? घरात धान्य कमी पडले की आई आपल्या ताटातले लेकराला वाढते. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम यांचा व्यवहार असाच आहे. ही द्रव्ये झाडाच्या अंगात हिंडतीफिरती असतात. टंचाई आली की जुने पान आपल्यातला साठा कोवळ्या पानाकडे पाठवते आणि स्वतः पिवळे पडते. म्हणून यांची उपासमार बुडापासून दिसू लागते. लोह, चुना, बोरॉन यांचे तसे नाही. एकदा भिंतीत बसवलेली वीट काढून दुसऱ्या भिंतीत लावता येत नाही, तशी ती जिथे बसली तिथे बसली. मुळातून नवा पुरवठा थांबला की जुने पान हिरवेच राहते, नव्याचे मात्र हाल होतात. गंधक आणि जस्त बरेचसे याच गटात मोडतात.

म्हणजे पूर्वेकडे नत्राची भूक होती आणि पश्चिमेकडे लोहाची. रान एक, शेतकरी एक, पाचट एक आणि आजार दोन. एकच औषध दोन्हीकडे मारले असते तर अर्धे रान सुधारले असते, अर्धे नसते, आणि अण्णांनी म्हटले असते की औषधच खोटे.

पूर्वेची गोष्ट

पूर्वेकडच्या सऱ्यांत पाचट लवकर कुजावे म्हणून मुलाने सरीतून पॉवर टिलर फिरवला होता. पाचटाचे बारीक तुकडे मातीत मिसळले गेले. हेच नडले.

पाचट म्हणजे नुसता कर्ब म्हणावा असा माल. त्यात सुमारे शंभर भाग कर्बाला एक भाग नत्र असते. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना पंचवीस-तीस भागांमागे एक भाग नत्र लागते. पाचटातून ते मिळत नाही, म्हणून जिवाणू मातीतले नत्र ओढून घेतात आणि पीक उपाशी राहते. हे नत्र कायमचे जात नाही. जिवाणू मरतात तसे ते पुन्हा सुटते, पण त्याला काही महिने लागतात आणि फुटव्याला आज हवे असते. पाचट वरच राहू दिले तर मातीला टेकलेला थरच तेवढा कुजतो आणि ओढाताण पुष्कळ कमी होते. मधला हिरवा पट्टा वरच्या पाचटाचा होता, पूर्वेकडचा पिवळा भाग मातीत मिसळलेल्या पाचटाचा. पाणी दोन्हीकडे कालव्याचे. तेव्हा दोष पाचटाचा म्हणावा, की विनानांगरणीच्या रानात शेवटी यंत्र फिरवल्याचा? मी तरी दुसऱ्या बाजूचा.

खात्री करण्यासाठी अण्णांनी चार सऱ्यांत, प्रत्येकी दहा पावले लांबीत, गोमूत्र दहापट पाण्यात मिसळून बुडाशी ओतले. दहाव्या दिवशी तेवढाच तुकडा उठून दिसू लागला. मग बाकीच्या पूर्वेला स्लरीची मात्रा वाढवली, आणि पहारीने बुडख्याजवळ भोके घेऊन त्यात भुईमुगाची पेंड मूठमूठ घातली. पेंडीत शंभर किलोला सुमारे सात किलो नत्र असते, चांगल्या शेणखतात जेमतेम अर्धा किलो. सेंद्रिय शेती करणाऱ्याने हा हिशेब घराच्या भिंतीवर लिहून ठेवावा. दोन गाड्या शेणखत टाकले म्हणजे उसाचे पोट भरले असे नाही. पुष्कळ ठिकाणी सेंद्रिय शेती फसली असे म्हणतात तिथे खरे तर पिकाच्या ताटात काही वाढलेलेच नसते.

पश्चिमेचे पाणी

पश्चिमेची बाजू थोडी चढाची. कालव्याचे पाणी तिथे चढत नाही, म्हणून त्या सऱ्या बाराही महिने बोअरवर. आम्ही उभे राहून पाहत होतो तेव्हा काकू सहज बोलल्या, "त्या बोअरच्या पाण्यात भात लावला की पिवळसर होतो. डाळ मात्र सोडा टाकल्यासारखी चटकन गळते. चहा काळा पडतो."

मला हे वाक्य प्रयोगशाळेच्या कागदाइतके मोलाचे वाटले. आपल्याकडे समज असा की ज्या पाण्यात डाळ शिजते ते चांगले. खारट, जड पाण्यात ती शिजत नाही हे खरे आहे. पण काही पाणी असे असते की त्यात बायकार्बोनेट, म्हणजे सोड्याच्या जातीचा क्षार, चुना आणि मॅग्नेशियम यांच्यापेक्षा जास्त असतो. उकळले की चुना भांड्याच्या बुडाला पांढरा थर होऊन बसतो आणि पाण्यात सोडा उरतो. त्या सोड्याने डाळ गळते, भात पिवळा पडतो. असे पाणी जिभेला फारसे खारट लागतही नाही, म्हणून कुणी त्याच्यावर संशय घेत नाही. खोल खडकातल्या बोअरला असे पाणी पुष्कळदा लागते.

चुनखडीच्या काळ्या रानात लोह काही कमी नसते. दगडच लोहाचा, त्याची माती लोहाचीच. पण सामू ८ च्या वर गेला की ते लोह गंजाच्या रूपात बसून राहते, विरघळत नाही. त्यात बायकार्बोनेटचे पाणी आले की मुळांना ते घेणे आणि पानापर्यंत नेऊन कामी लावणे आणखी अवघड होते. खोडव्याची नवी मुळे आधीच उथळ आणि कोवळी. धान्याच्या कोठाराला कुलूप लागावे आणि दारात माणूस उपाशी मरावा, तशी ही गत.

त्यातच अण्णांचा एक हात जास्त पडत होता. पाचट अंथरलेल्या रानातून पाणी उडून जात नाही, पण पाण्याची पाळी त्यांनी जुन्याच सवयीने आठ दिवसांवर ठेवली होती. मी पाचट बाजूला सारून खुरप्याने वीतभर खणले. माती चिकट, मुळे तपकिरी, वास कोंदट. वाफसा कधी आलाच नव्हता. ओल्या राहिलेल्या चुनखडीच्या मातीत हवा खेळत नाही, मुळांचा आणि जिवाणूंचा श्वास आतच कोंडतो, आणि त्यातून बायकार्बोनेट आणखी वाढते. तेव्हा गावकरी म्हणत होते त्यात एक कण सत्याचा होता. पाचटाखाली रान चिबड होऊ शकते. पण ते पाचटाने नव्हे, पाचट असूनही मोटर चालू ठेवल्याने.

मग लोहाची परीक्षा घेतली. ती कुणालाही घरी करता येते. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस, त्यात एका लिंबाचा रस, आणि पानाला चिकटावे म्हणून थोडे रिठ्याचे पाणी. फडक्याने सात-आठ पिवळ्या पोंग्याच्या पानांच्या एकाच बाजूला लावायचे आणि पानाला दोरा बांधून खूण ठेवायची. हिराकस हिरवट खड्याचा हवा. तांबूस झालेला निकामी. आमचा पहिला प्रयोग वाया गेला, कारण मुलाने द्रावण त्याच बोअरच्या पाण्यात केले आणि ते पाहता पाहता गढूळ, विटकरी झाले. त्यातले लोह पाण्यातच बसले होते. दुसऱ्यांदा कालव्याच्या पाण्यात केले. आठवड्याने दोऱ्याच्या पानांवर फडके फिरले तिथे हिरवे पट्टे उठले होते. अण्णांनी त्याच संध्याकाळी ट्रॅक्टरवाल्याला नको म्हणून सांगितले. सोमवार उलटून गेलाच होता, काकूंनी लग्नाच्या गर्दीचे कारण सांगून त्याला थोपवून धरले होते.

पाण्याचा कागद कसा वाचावा

पाण्याचा नमुना तपासून आला. विद्युतवाहकता १.९, सामू ८.३, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून ५, कार्बोनेट आणि बायकार्बोनेट मिळून ८.५. कागदावर आकड्यांची रांग पाहून अण्णांनी तो खिशात घालून ठेवला होता. पण त्यातले तीनच आकडे आधी पाहावेत.

पहिला विद्युतवाहकतेचा. पाण्यात एकूण मीठ किती ते हा सांगतो. कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइडच्या क्षार प्रयोगशाळेने १९५४ साली पाण्याचे जे वर्ग पाडले तेच अजून बऱ्याच कागदांवर छापतात. ०.२५ च्या आत उत्तम, ०.७५ पर्यंत चांगले, २.२५ पर्यंत जपून वापरावे असे, त्याच्या पुढे वाईट. जुन्या कागदावर मिलिमोज लिहिलेले असेल आणि नव्यावर डेसीसायमन, तर घाबरू नये, आकडा तोच असतो.

१.९ म्हणजे किती, हे समजायला एक हिशेब करा. वाहकता १ असलेल्या लिटरभर पाण्यात साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. १.९ च्या पाण्यात झाले सुमारे १.२ ग्रॅम. एकरभर रानात दोन इंच पाणी दिले तर ते दोन लाख लिटर होते. म्हणजे एका पाळीला सुमारे २४० किलो क्षार, पन्नास किलोची जवळजवळ पाच पोती. हे सगळे स्वयंपाकाचे मीठ नव्हे, त्यात चुनाही आला. पण पिकाला त्यातले थोडेच लागते, बाकी रानातच राहते. दुकानातले एक पोते खत घालायचे नाही म्हणून आपण निश्चय करतो, आणि मोटरचे बटण दाबून दर पाळीला पाच पोती रानात ओततो. हे गणित ऐकल्यावर अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत.

दुसरा आकडा कागदावर कधी कधी 'अवशिष्ट सोडियम कार्बोनेट' या लांबलचक नावाने असतो. नसेल तर घरी काढावा. कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या बेरजेतून कॅल्शियम-मॅग्नेशियमची बेरीज वजा करायची. आकडे मात्र मिलिइक्विव्हॅलंटमध्ये असले पाहिजेत, मिलिग्रॅममध्ये असतील तर प्रयोगशाळेतून बदलून घ्यावेत. अण्णांच्या पाण्याचा हा आकडा ८.५ वजा ५, म्हणजे ३.५. सव्वा पर्यंत धोका नाही, अडीचच्या पुढे पाणी वापरायचे ते उपाय करूनच. हे पाणी जमिनीतला चुना बसवून टाकते आणि सोडियमला मोकळे रान देते. जमीन हळूहळू चोपण होते, वाळली की दगड, भिजली की लोणी. पूर्णेच्या खोऱ्यातील अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या वाचकांना हे नव्याने सांगायला नको.

तिसरा सोडियमच्या शोषणाचा गुणोत्तराचा आकडा. १० च्या आत चांगला समजतात. अण्णांचा ९ आला. नुसता हाच पाहिला असता तर पाणी पास झाले असते. कागदावर कुणी 'पाणी योग्य' असा शिक्का मारला तरी आकडे स्वतः वाचावेत ते याकरिता.

जमीन चोपण होत चालली का, हे कागदाशिवायही कळते. काचेच्या पेल्यात पावसाचे साठवलेले पाणी घ्यावे आणि बोराएवढे कोरडे ढेकूळ न हलवता त्यात सोडावे. ढेकूळ फुटून पडले तरी पाणी नितळ राहिले तर ठीक. ढेकळाभोवती दुधासारखे वलय पसरू लागले आणि दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच राहिले तर सोडियम जागे झाले समजावे. अण्णांच्या पश्चिमेच्या मातीला पातळ वलय आले, मधल्या पट्ट्याच्या मातीला नाही.

पिकांची सहनशक्तीही सारखी नसते. जमिनीच्या संपृक्त अर्काची वाहकता १.७ च्या पुढे गेली की उसाचा उतारा घटू लागतो. कापूस ७.७ पर्यंत दम धरतो, गहू ६ पर्यंत, घेवडा १ लाच मान टाकतो. ही मोजमापे मातीची आहेत, पाण्याची नव्हेत. तेव्हा ती पाण्याच्या कागदाला थेट लावू नयेत.

नांगर न घालता उपाय

पहिला उपाय मोटर बंद ठेवण्याचा. पाचटाच्या रानात वाफसा पाहून पाणी द्यायचे ठरले तेव्हा आठ दिवसांची पाळी चौदा-पंधरा दिवसांवर गेली. दर चुकवलेल्या पाळीमागे पाच पोती क्षार वाचले. पाचटाचा हा उपकार लोकांच्या ध्यानात येत नाही. उघड्या रानातून पाणी उडते आणि क्षार वर येऊन पांढरे फूल धरतात. झाकलेल्या रानात हे पुष्कळ कमी होते. मात्र खालून कधीतरी धुवून काढणारे चांगले पाणीही मिळाले पाहिजे आणि त्या पाण्याला निचऱ्याची वाट पाहिजे. पश्चिमेच्या कडेला अण्णांनी चर मोकळा केला.

दुसरा उपाय चांगल्या पाण्याच्या वाटणीचा. कालव्याचे पाणी हौदात घेऊन ते फुटव्याच्या कोवळ्या वयात पश्चिमेला द्यायचे आणि बोअरचे पाणी ऊस थोराड झाल्यावर वापरायचे. दोन्ही मिसळून दिले तरी चालते, पण चांगले पाणी थोडे असेल तर ते कोवळ्या पिकालाच राखून ठेवलेले अधिक फळते.

तिसरा जिप्समचा. लिटरमागे एक मिलिइक्विव्हॅलंट कमी करायला ८६ मिलिग्रॅम शुद्ध जिप्सम लागतो. अण्णांना ३.५ वरून सव्वावर यायचे होते. दोन इंच पाण्याला तो एकरी ३९ किलोच्या आसपास होतो, बाजारचा माल सत्तर टक्के शुद्ध धरला तर ५५ किलो. पाटाच्या तोंडाशी विटांचा लहान हौद करून त्यात जिप्समचे खडे ठेवले आणि पाणी त्यावरून नेले. जिप्सम पाण्यात विरघळतो, म्हणून तो मातीत गाडायला नांगर लागत नाही. पावसाआधी पाचटावरून फेकला तरी पावसाबरोबर खाली उतरतो.

लोहासाठी एकरी १० किलो हिराकस १०० किलो ओल्या शेणखतात आठवडाभर मुरवून बुडख्याजवळ दिला, आणि अर्ध्या टक्क्याच्या दोन फवारण्या दिल्या. हिराकस नुसता चुनखडीच्या मातीत टाकणे म्हणजे पैसे पुरणे. ज्यांनी सेंद्रिय प्रमाणपत्र घेतले आहे त्यांनी असे काही वापरण्यापूर्वी आपल्या प्रमाणीकरण संस्थेला कागद दाखवून परवानगी घ्यावी. २००१ पासूनच्या राष्ट्रीय सेंद्रिय कार्यक्रमाखाली कमतरता दाखवता आली पाहिजे.

इतर पिकांत

हीच नजर इतर पिकांना लावता येते. मक्याच्या जुन्या पानावर टोकापासून मधल्या शिरेच्या कडेने पिवळेपणा आत शिरला तर नत्र; कडा भाजल्या तर पालाश; पाने जांभळट तर स्फुरद, किंवा नुसती थंडी. कोवळ्या पानांच्या बुडाशी पांढरे पट्टे आले तर जस्त. भाताच्या पानावर तांबूस ठिपके पडून वाढ खुंटणे, ज्याला खैरा म्हणतात, ते जस्ताचे हे पंतनगरच्या नेने यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले. तोवर त्याला रोगच समजत. कपाशीच्या लाल्यात मॅग्नेशियम आणि नत्र दोन्हींचा हात असतो, पण थंड रात्रीही पाने लाल करतात. टोमॅटोच्या बुडाला काळा डाग पडला की चुना कमी म्हणतात. जमिनीत चुना भरपूर असतो, पाणी कधी तुडुंब कधी कोरडे असे दिले म्हणून तो फळापर्यंत पोचत नाही. सोयाबीन किंवा भुईमूग पिवळा पडला तर आधी रोप उपटून मुळावरच्या गाठी नखाने फोडाव्यात. आत गुलाबी असतील तर नत्राचा कारखाना चालू आहे, दुसरे कारण शोधावे.

डोळ्याने केलेले निदान फसतेही. कीड, सूत्रकृमी आणि विषाणू पान पिवळे करतात. सारखे रान सरसकट पिवळे असेल तर अन्न किंवा पाणी, इकडेतिकडे एकेक झाड असेल तर रोग-किडीकडे आधी वळावे, हा ढोबळ आडाखा.

नमुना घेताना

विनानांगरणीच्या रानात मातीचा नमुना घेण्याची एक खुबी आहे. नांगरलेल्या रानात वरचे वीतभर एकजीव झालेले असते. न नांगरलेल्या रानात स्फुरद आणि पालाश वरच्या दोन इंचांत साचतात आणि खाली रान रिकामे असू शकते. सगळे एकत्र करून तपासले तर कागदावर भरपूर दिसते आणि पीक उपाशी राहते. म्हणून पाचट सारून वरच्या दोन इंचांचा एक आणि त्याखाली आठ इंचांपर्यंतचा दुसरा, असे दोन वेगळे नमुने द्यावेत. चांगल्या आणि वाईट पट्ट्याचेही वेगवेगळे. अण्णांनी आधीच्या वर्षी दिलेला नमुना हिरव्या पट्ट्यातला होता आणि निकाल सगळ्या रानाला लावला होता.

२०१५ साली सुरू झालेल्या मृद् आरोग्य पत्रिकेत मातीच्या बारा गोष्टी असतात, पाणी त्यात नसते. पाण्याचा नमुना आपला आपणच न्यावा लागतो. मोटर पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवून मग बाटली भरावी. बाटली खताची किंवा औषधाची नको, पिण्याच्या पाण्याची चालेल. ती त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरावी, हवा राहू देऊ नये, आणि शक्यतो चोवीस तासांत कृषी विज्ञान केंद्रात किंवा जवळच्या प्रयोगशाळेत द्यावी. चिठ्ठीवर बोअरची खोली, पीक आणि पाणी किती वर्षे वापरात आहे ते लिहावे. वर्षातून दोनदा तपासलेले बरे. पावसाळ्यानंतरचे पाणी आणि मे महिन्यातले पाणी ही एकाच बोअरची असली तरी दोन वेगळी असतात.

अण्णांचा खोडवा पावसाआधी हिरवा झाला, पश्चिमेची उंची मात्र मधल्या पट्ट्याच्या मागेच राहिली. ऊस तुटून जाईल तेव्हा पट्ट्यापट्ट्याचे वजन वेगळे करून घ्यायचे असे त्यांनी मुकादमाला आत्ताच सांगून ठेवले आहे. भातासाठी काकू आता कालव्याचे पाणी गाळून वापरतात, आणि डाळीला बोअरचेच.